चौथा अ‍ॅम्प

३ मार्च, सोमवार

निर्मातीने आज मला तिच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ही मुलगी एरवी दार लावत नाही. मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

गेल्या महिन्यात बाहेर गेलेल्या एका पुस्तकात सहाव्या प्रकरणापासून शेवटपर्यंत बारीक शिट्टी आहे म्हणे. वाचणाऱ्याच्या टेबलावरच्या दिव्याची. ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्यात. एकाने लिहिलंय की पुस्तक लावलं की त्याचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसतं. आणि ते पुस्तक तपासून पुढे सोडलं होतं मी.

आमच्याकडे पुस्तकं वाचून घेतात, ध्वनिमुद्रित करतात आणि विकतात. बाहेर जाण्याआधी शेवटचं ऐकायचं काम माझं. छापखान्यात प्रूफं वाचणारा असतो, तशी मी प्रूफं ऐकणारी. गिळलेलं अक्षर, खुर्चीची कुरकुर, वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुर, सगळं मी पकडते. स्टुडिओत मला नावाने कोणी हाक मारत नाही, कानताई म्हणतात. मला ते आवडतं, इथे लिहायला हरकत नाही.

निर्मातीने तो भाग लावला. मी डोळे मिटून ऐकला. शिट्टी नव्हती. तसं सांगितल्यावर तिने शेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टकडे बघितलं आणि त्याने छताकडे. दोघांची वयं मिळून माझ्या वयाएवढी होत असतील जेमतेम.

मी म्हणाले, हे स्पीकर तुम्ही कपाटाच्या मापाने घेतलेत, आवाजाच्या नाही. आणि माझ्या खोलीतले हेडफोन आता अडगळीत टाकायच्या लायकीचे आहेत, गाद्या चेपून चेपून त्यांच्यात जीव राहिलेला नाही. हत्यार बोथट झालं की सुताराला नोकरीवरून काढतात का? मी माझे हेडफोन आणीन, असे की तुम्ही बघत राहाल.

ती म्हणाली, "ताई, तुम्हाला थोडी विश्रांती हवीय का?"

विश्रांती म्हणे.

५ मार्च

बाजारामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हेडफोनवाल्याचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली. जाड सतरंजी, दोन खुर्च्या आणि आवाजाला जोर देणारे भिंतभर अ‍ॅम्प. माणूस माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर, आणि बोलतो असा की जणू शेजारी कोणी आजारी झोपलंय. प्रत्येक वाक्य मला दोनदा विचारावं लागलं. आवाजाचा धंदा करणाऱ्याने तरी तोंड उघडून बोलावं.

त्याने प्लॅनर हेडफोन काढले. साध्या हेडफोनमध्ये एक छोटा शंकू असतो आणि त्याला मधोमध ढकलतात, असं त्याने समजावलं. यात तसं नाही. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, त्यावर तारेची नक्षी, दोन्ही बाजूंना चुंबकं. आवाज आला की सगळाच्या सगळा पडदा एकदम हलतो. पाठ उघडी, नुसती जाळी. डोक्यावर घातले तर वीट ठेवल्यासारखं वाटलं, पण चांगली वीट.

मी फोनवरून खर्जाचं एक जुनं वाचन लावलं. खर्ज म्हणजे आमचा सगळ्यांत जुना वाचक. आवाज इतका खोल की त्याचं खरं नाव लोक विसरले. लावलं आणि मी खुर्चीत ताठ झाले. त्याची छाती ऐकू येत होती. वाक्य सुरू करण्याआधी तो जरासा थांबतो, ते थांबणंसुद्धा ऐकू येत होतं.

पण 'स' आणि 'श' गोधडीखालून आल्यासारखे. तसं सांगितलं. त्याने हेडफोन स्वतः घालून बघितले, काढले, जाळी पुसली, पुन्हा घातले. त्याला म्हणे 'स' अगदी स्वच्छ येत होता. मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून त्याला एकदम सुचलं. हे हेडफोन दिसायला साधे, पण खादाड आहेत, यांना करंट लागतो. फोनच्या बळावर हे चालायचे नाहीत, अ‍ॅम्प हवा.

मग तसं आधी सांगायचं.

८ मार्च

पहिला अ‍ॅम्प आणला. अंगठ्याएवढा, फोनला लटकतो. आवाज मोठा झाला, पण शब्दांच्या कडा अजून बोथट. खर्ज 'सात' म्हणाला की 'हात' ऐकू येतं. जोडी जुळलेली नाही.

१४ मार्च

दुसरा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा. हेडफोनवाल्याने वापरून बघायला दिलाय. काचेच्या दोन नळ्या, आत मंद केशरी उजेड. दुपारभर त्याच्यासमोर बसले. खर्जाचा आवाज असा काही भरला की मी त्या वाक्यांचा अर्थ विसरून नुसती लाट ऐकत बसले. हा ठेवून घ्यावा असं वाटलं.

मग भानावर येऊन ते शिट्टीचं प्रकरण लावलं. शिट्टी नाही. म्हणजे एक तर शिट्टी नाहीच, किंवा हा अ‍ॅम्प ती गिळतो. आणि 'स' अजूनही गोधडीत.

हेडफोनवाल्याला फोन केला. नवरा शेजारीच बसला होता. त्याला हल्ली नवी खोड लागली आहे, फोन स्पीकरवर ठेवायला लावतो आणि पलीकडचा जे बोलेल ते मला पुन्हा बोलून दाखवतो. मी काय शाळेतली मुलगी आहे? पण त्याच्या तोंडून आलेलं सगळं स्पष्ट कळलं, एवढं मात्र खरं. माणसाचा उच्चार चांगला आहे. हेडफोनवाल्याचं म्हणणं असं की व्हॉल्व्हला आणि प्लॅनरला एकमेकांचं पटत नाही. व्हॉल्व्हचा गळा गोड, पण छाती कमी. मोठा आवाज आला की त्याला दम लागतो. उद्या परत करणार.

१९ मार्च

आज कामाचं काही नाही. नवऱ्याबद्दल थोडं लिहिते, नाहीतर डोकं फिरेल.

निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात माझ्या मागे मागे असतो. काही सांगायचं असलं तर स्वयंपाकघरातून ओरडून सांगावं ना. नाही. उठून येणार, माझ्यासमोर उभा राहणार, मी वर बघेपर्यंत थांबणार आणि मग बोलणार. पूर्वी वर्तमानपत्राआडून बोलायचा. दाराची घंटा बदलली. आधीची किणकिणायची, छान होती. आता देवडीवरच्या टोल्यासारखं घुमतं काहीतरी. शिट्टीची किटली फेकून दिली, म्हणे जुनी झाली, आणि दिव्याची आणली. पाणी उकळलं की लाल दिवा लागतो. घरात मला न विचारता इतके बदल करायची याची हिंमत कधीपासून झाली?

बायकांना निवृत्त नवऱ्यांचा त्रास होतो असं ऐकलं होतं. आता अनुभव घेतेय.

२४ मार्च

तिसरा अ‍ॅम्प. हा खरा.

लोखंडी पेटी, दोन्ही हातांनी उचलावी लागते. पुढे काचेआड एक सुई, आवाजाबरोबर हलते. तासाभरात वरचा पत्रा तापतो. हेडफोनवाल्याने देताना बजावलं होतं की हा कोरडा आहे, गोड काही बोलत नाही आणि काही लपवतही नाही, पुष्कळ जण कान टोचतात म्हणून परत आणून देतात. मी म्हणाले, मला टोचूनच घ्यायचंय.

घरी जोडला. सुरुवातीला नेहमीसारखाच वाटला. मग बटण अर्ध्याच्या पुढे नेलं आणि 'स' आला. स्पष्ट नाही, पण आला. मी आणखी थोडं पुढे नेलं. इतके दिवस याची वाट बघत होते.

एवढ्यात नवरा धावत आला आणि त्याने स्वतःच्या हाताने बटण खाली केलं. आमच्या संसारात त्याने माझ्या वस्तूला असा हात लावायची ही पहिली वेळ. त्याचं म्हणणं, आवाज जिन्यापर्यंत जातोय, वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली होती की तुमच्याकडे सभा आहे का. उघड्या पाठीचे हेडफोन आहेत, आवाज बाहेर सांडणारच, त्यात काय एवढं? मी त्याला चांगलं खडसावलं. माझ्या कामात लुडबुड नको, म्हणाले.

तो अ‍ॅम्पच्या तापलेल्या पत्र्यावर तळवे ठेवून बराच वेळ बसून राहिला. थंडी वाजत असावी.

१ एप्रिल

आज तारीख बघून वाटलं थट्टा असेल. थट्टा नव्हती.

खर्ज सध्या एक जाडजूड कादंबरी वाचतोय. बोटीवरच्या खलाशांचं घराणं, तीन पिढ्या. हे आपलं शेवटचं पुस्तक, असं त्याने जाहीर करून टाकलंय. आणि अट घातलीय की माझ्या कानाखालून गेल्याशिवाय एक पानही बाहेर जाणार नाही. पहिली तीन प्रकरणं मी ऐकली, पसंत केली, पुढे पाठवली.

निर्माती आज माझ्याच खोलीत आली. खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. खर्जाने दातांची नवी कवळी बसवलीय आणि तिन्ही प्रकरणांत प्रत्येक 'स' ला शिट्टी वाजतेय. प्रत्येक. यावेळी तिने मला लावून दाखवलं नाही. पुढच्या महिन्यापासून शेवटचं ऐकणं एक सॉफ्टवेअर करेल असं ठरलंय. माझ्यासाठी छोटा कार्यक्रम करणार, पुष्पगुच्छ, चार शब्द. माझा मान राखूनच सगळं होईल, असं तिने दोनदा सांगितलं.

मी सांगितलं की पुष्पगुच्छ टेबलावर ठेव, येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला बरा. मला हा महिना दे. तिसऱ्या अ‍ॅम्पने जवळपास आणलंय. चौथा नेमका बसेल.

"ताई," ती म्हणाली, "अ‍ॅम्पने काय होणार आहे?"

आवाजाच्या धंद्यातल्या मुलीने असं विचारावं, याचं मला नवल वाटलं.

२ एप्रिल

सकाळीच दुकानात गेले. चौथा अ‍ॅम्प हवा, याहून कोरडा, याहून टोचणारा, असं सांगितलं. हेडफोनवाला उठला नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मला बसायला सांगितलं. तसाच तिसऱ्यासारखा अ‍ॅम्प दुकानात जोडलेला होता. माझे हेडफोन त्याला लावले आणि म्हणाला, मी एक सूर वाजवतो, तो चढत जाईल. ऐकू येतोय तोवर बोट वर ठेवा.

बोट वर केलं. सूर चढत गेला, बासरीएवढा, मग डासाएवढा. मग त्याने बंद केला आणि मी बोट खाली घेतलं. मी वर बघितलं.

त्याने अ‍ॅम्पचं तोंड माझ्याकडे वळवलं.

काचेआड सुई हलत होती.

"बाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला समजेल एवढ्या मोठ्याने बोलला, "मी तुम्हाला चौथा विकीन. पाचवाही विकीन. पण तुम्ही आधी डॉक्टरकडे जा."

मी विचारलं, तुम्ही दुकान चालवता की दवाखाना? वायर गुंडाळली, हेडफोन पिशवीत टाकले आणि निघाले. जिन्यात पाय चुकला, पण पडले नाही.

सुई बिघडलेली असणार. जुन्या सुया अडकतात, आपोआप थरथरतात. दुकान बदलायला हवं.

३ एप्रिल

सुई बिघडलेली नव्हती.

१२ एप्रिल, शनिवार

लिहायचं नव्हतं, पण ही वही दुसऱ्या कोणाची नाही.

कानांच्या डॉक्टरणीकडे गेले. नवऱ्याने वेळ घेऊन ठेवली होती. मी हो म्हटल्यावर घेतली असेल असं मला वाटलं, पण तिथली बाई म्हणाली, "अखेर आणलंत का त्यांना?" गाद्या लावलेल्या एका कोठडीत बसवलं, पुन्हा तेच सूर, पुन्हा तेच बोट. मग डॉक्टरणीने आलेख दाखवला. रेघ डावीकडून सरळ येते, खर्जाच्या आवाजाला धक्का नाही, माणसांच्या आवाजाला धक्का नाही, आणि मग गच्चीची कड यावी तशी खाली जाते. 'स', 'श', 'फ', किटली, घंटा, शिट्टी, सगळं कडेच्या पलीकडे. हे परत येत नाही, असं तिने सरळ सांगितलं. गोड बोलली नाही, त्याबद्दल तिचे आभार.

कधीपासून, असं तिने विचारलं. महिनाभर, म्हणाले मी.

"दोन वर्षं," नवरा म्हणाला.

घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. जेवताना बोलले नाही. दोन वर्षं या माणसाने तोंड शिवून ठेवलं आणि मी तिकडे अ‍ॅम्पवर अ‍ॅम्प बदलतेय. शेवटी विचारलंच, मला सांगितलं का नाहीस?

तो उठला, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग आधी तो हसला की मी, ते आठवत नाही. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. मध्येच कधीतरी ते हसणं राहिलं नाही.

२१ एप्रिल

कानात यंत्रं बसवली. जगात इतका कचरा आवाज आहे हे मी विसरले होते. प्लास्टिकची पिशवी म्हणजे तर आग लागल्यासारखी. स्वतःची चप्पल ऐकून मी दोनदा मागे वळून बघितलं.

यंत्रांवर हेडफोन घातले तर कानातच किंकाळी फुटते. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं आणि दुसऱ्याने पहिल्याचं, असं चालतं त्यांचं. डॉक्टरीण म्हणाली, ही यंत्रं जगण्यासाठी आहेत, स्टुडिओतल्या कामासाठी नाहीत. आता तुम्ही काम सोडलंत तरी कोणी नावं ठेवणार नाही.

मला नावं ठेवलेली चालतील.

नवरा अजून उठून समोर येऊनच बोलतो. आता गरज नाही, सांगितलं त्याला. सवय सुटत नाही माणसाची.

२६ एप्रिल

आलेख घेऊन हेडफोनवाल्याकडे गेले. मागच्या वेळचं त्याने काही काढलं नाही, मीही नाही. आलेख त्याच्यासमोर टाकला आणि विचारलं, इथे जेवढी रेघ खाली गेलीय तेवढाच आवाज वर उचलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. जमेल?

त्याने चष्मा नाकावर आणला आणि आलेखाकडे असं बघितलं की जणू लग्नाला आलेली मुलगी दाखवायला आणलीय. तो म्हणाला, साध्या हेडफोनचा वरचा आवाज एवढा उचलला तर ते चिरकतील, फाटतील. पण प्लॅनरचा पडदा सगळीकडून एकदम हलतो, त्यामुळे हे उचलणं तो सहन करतो. फक्त अ‍ॅम्पच्या अंगात जोर शिल्लक हवा. अंगठ्याएवढा इथे मरेल. व्हॉल्व्हचा दम तोडेल. तुमच्या घरी आहे तो कोरडा, तोच हवा.

म्हणजे जोडी पहिल्यापासून घरातच होती, पत्रिका माझी चुकत होती.

दुपारभर आम्ही इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या उंचसखल पट्ट्या, लावत बसलो. तो एक पट्टी वर करायचा, मी 'स' ने भरलेली वाक्यं ऐकायची. जोर फार झाला की डोळ्यांत पाणी यायचं, तो खाली घ्यायचा. डॉक्टरणीशी फोनवर बोलून घेतलं. तिने दटावलं की एकूण आवाज खालीच ठेवायचा, एका प्रकरणानंतर कान उघडे ठेवून बसायचं, आणि उरलेलं गमावायचं असेल तरच हे मोडा. कबूल केलं. एका उंचीच्या वर मात्र कितीही उचललं तरी काही आलं नाही. तिथे भिंत आहे. हेडफोनवाला आणखी उचलू बघत होता, मीच त्याचा हात धरला. तिथे मी बहिरी आहे. तिथलं मी संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं त्यात बघेन, शिट्टी असली की उजळ रेघ दिसते. शिकेन.

मग खर्जाचं पहिलं प्रकरण लावलं, कवळीचं.

काय घाणेरडी शिट्टी होती ती. प्रत्येक 'स' ला जणू कोणी दाराच्या फटीतून फुंकर मारतंय. मी तीनदा लावून ऐकली. हेडफोनवाल्याने मला पाणी आणून दिलं.

२ मे

आज मीच निर्मातीच्या खोलीत गेले आणि दार उघडं ठेवलं.

सगळं सांगितलं. आलेख दाखवला. शिट्टी मला ऐकू आली नव्हती, तुमचे स्पीकर ठीक आहेत, असं म्हणाले. तिच्या डोळ्यांत दया आली आणि मला ती दया आवडली नाही. ती म्हणाली की ताई, तुम्ही हे मान्य केलंत हेच खूप आहे, कार्यक्रम आपण छान करू. मी म्हणाले, कार्यक्रम नाही. खर्जाचं आठवं प्रकरण अजून कोणी तपासलेलं नाही. सॉफ्टवेअरला दे आणि मला दे.

ती विचार करत राहिली आणि मग हो म्हणाली. तिच्या जागी मी असते तर कदाचित म्हटलं नसतं.

कवळीची शिट्टी दोघांनाही पानोपानी सापडली; ती सोडली तर सॉफ्टवेअरला जिभेच्या दोन टिचक्या आणि कुठेतरी थरथरलेला फोन सापडला. मला एक टिचकी सापडली, फोन सापडला, दुसरी टिचकी गेली. ती भिंतीपलीकडची होती आणि चित्रातही मी तिच्यावरून पुढे गेले. हे इथे लिहून ठेवते, कारण अजून सलतंय. पण एका पानावर, जे सॉफ्टवेअरने बाकी निर्दोष ठरवलं होतं, तिथे बहीण भावाला हाक मारते. भाऊ दोन पानांपूर्वी बुडालाय. खर्जाने ती हाक जिवंत माणसाला मारतात तशी वाचली आहे. बुडण्याची ती दोन पानं त्या दिवशी मागाहून वाचून घेतली होती, त्यामुळे हाक मारताना भाऊ गेलाय हे त्याच्या आवाजाला माहीत नव्हतं.

निर्मातीने ते पान दोनदा ऐकलं. आपल्यालाही हे कळलं नव्हतं, म्हणाली.

ठरलं असं की आधी सॉफ्टवेअर ऐकेल, मग मी. खर्जाचं पुस्तक संपेपर्यंत. पुढचं पुढे बघू. 'पुढचं पुढे बघू' चा अर्थ मला चांगला कळतो. पण मी एक अट घातली, हे सगळ्यांना सांगायचं, आणि मी सांगणार.

दुपारी चहाला सगळे जमले तेव्हा उभी राहिले. माझे कान या उंचीच्या वर गेलेत, हात वर करून दाखवलं. त्याच्या खालचे माझेच आहेत आणि ते मी कोणाला देणार नाही. कोणाला काही बोलायचं असेल तर समोर येऊन बोला, मला समोरून जास्त चांगलं ऐकू येतं.

रेकॉर्डिस्ट आधी हसला. मग तो खाली बघायला लागला. मग पुन्हा हसला.

९ मे, शुक्रवार

खर्जाला कवळीचं मीच सांगितलं होतं, फोनवर नाही, त्याच्या घरी जाऊन. आधी भडकला. मग म्हणाला की आपलं झालं आता, देहच साथ देत नाही तर पुस्तक कशाला, राहिलेलं कोणा तरुणाकडून वाचून घ्या. मी त्याला माझ्या कानांचं सांगितलं. तो नंतर दाताच्या डॉक्टरचा नंबर शोधायला उठला.

आज तो कवळी घासून, नीट बसवून आला. आठही प्रकरणं पुन्हा वाचायची, पहिल्यापासून. काचेपलीकडे तो, अलीकडे निर्माती, रेकॉर्डिस्ट आणि मी. माझी लोखंडी पेटी घरून आणलीय, नवऱ्याने वाहून आणली, जिन्यात कोणाला हात लावू दिला नाही. तो मागच्या बाकावर बसून होता. यंत्रं काढून डबीत ठेवली, हेडफोन घातले, आवाज खाली, जेवढा कबूल केलाय तेवढाच.

खर्जाने पहिलं पान वाचलं. शिट्टी नाही. चित्रातही रेघ नाही. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला, निर्मातीने मान हलवली. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी बटण दाबलं आणि काचेपलीकडे म्हणाले, "पुन्हा."

खर्जाने विचारलं, शिट्टी आहे का. नाही म्हणाले, दात छान आहेत. पण शेवटचं वाक्य तुम्ही वाचलंत. सांगितलं नाहीत.

त्याने काचेतून माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. त्याच्या आवाजातला राग मला तळापासून ऐकू आला. "तुला ऐकू येत नाही म्हणून घरी येऊन सांगून गेलीस ना?"

"जे येतंय त्याबद्दलच बोलतेय," मी म्हणाले. "पुन्हा."

निर्माती माझ्याकडे बघत होती, रेकॉर्डिस्ट पुन्हा छताकडे.  खर्जाने पाणी प्यायलं, कवळी जिभेने चाचपली, पान सारखं केलं. मग छाती भरून श्वास घेतला, तो श्वाससुद्धा मला पुरता ऐकू आला, आणि त्याने वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.